काळीज, कलेजा आणि हार्ट
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात इंग्रजीच्या शिक्षकांनी केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात इंग्रजी विषयावर चार शब्द बोलावेत अशी सूचना मुख्याध्यापकांनी केली, तेव्हा व्याकरणावर बोलावे की परीक्षेच्या तयारीवर, याचा विचार मी दोन दिवस करीत होतो. शेवटी दोन्ही विषय बाजूला ठेवले आणि इंग्रजीच्या एका लहानशा भागावर बोलायचे ठरवले. तो भाग म्हणजे भावना आणि नातेसंबंध सांगणारे वाक्प्रचार. परीक्षेत त्यांना गुण फारसे नसतात. तरी हाच विषय का घेतला, हे सांगण्यापूर्वी माझ्या हातून झालेली एक चूक आपणापुढे कबूल केली पाहिजे.

गेल्या सत्रात नववीच्या वर्गाला मी 'न विसरता येणारा दिवस' या विषयावर इंग्रजीत निबंध दिला होता. बहुतेक वह्यांत गाइडातली सहल उतरलेली होती. तीच बस, तोच धबधबा, तोच सूर्यास्त. एका मुलीने मात्र स्वतःचे लिहिले होते. तिचे वडील बांधकामावर परांचीवरून पडले, त्या दिवसाची ती हकीकत होती. फोन आला, आई स्वयंपाकघरातून धावत आली, आणि पुढे त्या मुलीने लिहिले होते, 'माय मदर्स लिव्हर केम इन हर माउथ.'

मी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली. समासात 'नॉन्सेन्स' लिहिले. तेवढ्यावर न थांबता ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग हसला आणि मीही हसलो. ती मुलगी वहीकडे बघत बसली.

पुढचा निबंध 'माझी आई' यावर होता. त्या मुलीने या वेळी गाइडातला निबंध शब्दशः उतरवून आणला. एकही चूक नव्हती. 'माय मदर इज व्हेरी काइंड अँड लव्हिंग.' मी दहापैकी आठ गुण दिले.

त्यानंतर काही दिवसांनी माझा धाकटा भाऊ रात्री उशिरापर्यंत घरी आला नाही. बाहेर पाऊस, रस्त्यावर पाणी, त्याचा फोन लागत नव्हता. अकरा वाजता तो आला, तेव्हा आमची अम्मी त्याला म्हणाली, "कहाँ था रे तू? मेरा कलेजा मुँह को आ गया था." हे शब्द मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेले. त्या रात्री ते ऐकले आणि मी जागच्या जागी खिळलो. त्या मुलीने हेच तर लिहिले होते! इंग्रजीत याच प्रसंगी 'हर हार्ट वॉज इन हर माउथ' असे म्हणतात. तोंडही तेच, घाबरून आतले काहीतरी वर येणेही तेच. फक्त लिव्हरच्या जागी हार्ट हवे होते आणि क्रियापद बदलायला हवे होते. मुलगी बिनचूक इंग्रजीपासून एका शब्दाच्या अंतरावर होती. आणि मी, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला, शिवाय तिच्यासारख्याच घरात वाढलेला, मला ते दिसले नाही. माझ्याच घरातले वाक्य इंग्रजी कपडे घालून आले, तर मी त्याला ओळखले नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तिची माफी मागितली आणि फळ्यावर तीन वाक्ये लिहिली. उर्दूतले 'कलेजा मुँह को आना', मराठीतले 'प्राण कंठाशी येणे' आणि इंग्रजीतले 'हार्ट इन द माउथ'. तिने ती वहीत उतरवून घेतली. ती काही बोलली नाही. तिचे वडील आता बरे आहेत, कामावर जातात. ती मात्र निबंधात अजून पूर्वीसारखे लिहीत नाही. नुकसान झाले ते असे सहज भरून निघत नाही, म्हणून हा विषय घेतला.

आता त्या कलेजाकडे आणि हार्टकडे जरा नीट पाहू. मटणाच्या दुकानात आपण कलेजी मागतो, तेव्हा दुकानदार आपल्याला यकृत देतो, हृदय देत नाही. म्हणजे कलेजा हे मुळात यकृत आहे. मराठीतील काळीज हा शब्दही मुळात यकृताचाच. पण 'काळीज धडधडते' असे म्हणताना मराठी माणसाच्या मनात हृदय असते. फारसीतून आलेला जिगर हा शब्दही यकृताचाच. आपल्या सर्व भाषांनी प्रेम, धैर्य आणि दुःख यांना यकृतात जागा दिलेली आहे. मुलाला 'काळजाचा तुकडा' म्हणतात, धीट माणसाला 'वाघाच्या काळजाचा' म्हणतात, भित्र्याला जिगर नाही म्हणतात. मग त्या मुलीने लिव्हर लिहिले, यात तिचे काय चुकले?

आणि गंमत अशी की इंग्रजही पूर्वी हेच मानीत. भित्र्या माणसाला 'लिली-लिव्हर्ड' म्हणजे लिलीच्या फुलासारख्या पांढऱ्या यकृताचा म्हणण्याची रीत शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकात सापडते. ज्याच्या यकृतात रक्त नाही, त्याच्यात हिंमत नाही, असा तो समज होता. पुढे इंग्रजीत हृदयाने बाकी सगळ्या अवयवांना मागे सारले. आज इंग्रजीत लिव्हर बहुधा डॉक्टरांच्या आणि खाणावळीच्या भाषेत राहिले आहे. वर्गात हे सांगितले की मुलांना हायसे वाटते. आपली भाषा वेडीबागडी नाही, तिने फक्त दुसरा अवयव निवडला, एवढे त्यांच्या ध्यानात येते.

पालकहो, प्रत्येक पालकसभेत एक वाक्य मी हमखास ऐकतो. "सर, हमकू इंग्रजी नै आती, हम क्या मदद करते?" आई म्हणते, वडील म्हणतात, आजी तर शाळेत यायलाच लाजते. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होती. २००० सालापासून महाराष्ट्रात ती मराठी शाळांतूनही पहिलीपासून आली. तेव्हापासून तर पालकांना वाटते की मूल सहाव्या वर्षीच त्यांच्या हातातून निसटून इंग्रजीच्या गावाला गेले. मला आज आपणास सांगायचे आहे ते नेमके याच्या उलट आहे. भावनेचे वाक्प्रचार शिकविण्याच्या बाबतीत आपण माझ्यापेक्षा चांगले शिक्षक आहात. कारण वाक्प्रचार शिकायचा तर आधी ती भावना ठाऊक हवी, आणि तिला घरात काय म्हणतात ते ठाऊक हवे. इंग्रजी शब्द शेवटी येतो. तो मी देईन.

आपल्याकडे हे उलट्या क्रमाने चालते. बाजारातल्या पुस्तकात दोनशे-तीनशे वाक्प्रचारांची यादी असते, डाव्या बाजूस इंग्रजी, उजव्या बाजूस मराठी अर्थ. मुले ती यादी घोकतात. चाचणीत दहापैकी नऊ गुण मिळतात आणि महिन्यात सगळे विसरतात. विसरणारच, कारण त्यातला एकही वाक्प्रचार त्यांनी कोणाला उद्देशून वापरलेला नसतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या कितीतरी माणसांची इंग्रजी उभी राहिली. त्या पुस्तकांत रोज वाक्ये तयार करावी लागत, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यावी लागत. आजच्या याद्यांत तेवढीही मेहनत नाही.

शिवाय या याद्यांत भरणा कसला असतो? मांजरी-कुत्र्यांचा पाऊस पडला, कोणी बादलीला लाथ मारली! आज इंग्रजी बोलणारा माणूसही असले प्रयोग क्वचित करतो. त्याच्या तोंडी रोज असतात ते साधे, दोन-तीन शब्दांचे प्रयोग. भांडण होऊन दुरावा आला तर 'फॉल आउट', समेट झाला तर 'मेक अप', कोणाशी पटते तर 'गेट अलाँग', विश्वास टाकला आणि त्याने तो मोडला तर 'लेट डाउन', मनातले साठलेले बोलून टाकले तर 'गेट इट ऑफ युअर चेस्ट'. आपण म्हणतो मन हलके केले, ते म्हणतात छातीवरचे उतरवले. एवढे दहा-बारा प्रयोग मुलाच्या जिभेवर रुळले, तर बाकीची यादी नाही आली तरी मला खंत वाटणार नाही.

या साध्या प्रयोगांतही खड्डे आहेत. 'लुक अप टू' म्हणजे एखाद्याबद्दल आदर असणे. 'लुक डाउन ऑन' म्हणजे त्याला तुच्छ लेखणे. आता आपल्या घरांतला अदब काय सांगतो? वडिलांसमोर नजर खाली असावी. दहावीच्या एका मुलाने वडिलांविषयी मोठ्या आदराने लिहिले, 'आय ऑलवेज लुक डाउन ऑन माय फादर.' त्याला सांगायचे होते की मी त्यांच्यापुढे कधी मान वर केली नाही. इंग्रजीत अर्थ झाला की मी माझ्या बापाला नेहमी कमी लेखतो. परीक्षकाने हे वाचले असते, तर त्या गुणी मुलाबद्दल काय मत केले असते? या वेळी मात्र मी लाल रेघ ओढली नाही. मुलाला जवळ बोलावून विचारले, 'तुला काय म्हणायचे होते?' इंग्रजीच्या शिक्षकाने दिवसातून चार वेळा विचारावा असा हा प्रश्न आहे, आणि मी तो फार उशिरा शिकलो.

असाच दुसरा खड्डा पायाचा. मराठीत कोणाचे पाय ओढणे म्हणजे त्याला वर जाऊ न देणे. त्यात मत्सर आहे. इंग्रजीत 'टू पुल समवन्स लेग' म्हणजे नुसती थट्टा करणे. साहेब हसत म्हणाला की मी तुझा पाय ओढतो आहे, तर घाबरण्याचे कारण नाही. डोळ्यांचेही तसेच. आपल्याकडे डोळ्याला डोळा भिडवला म्हणजे आव्हान दिले. इंग्रजीत 'टू सी आय टू आय' म्हणजे दोघांचे एकमत होणे. शब्द जुळतात तिथेच फसगत होते, म्हणून ओळखीचा चेहरा दिसला की जास्त सावध राहावे.

परंतु सर्वांत मोठी फसगत थंडी आणि उष्णतेची. विद्यार्थी मित्रांनो, हे जरा लक्ष देऊन ऐका. इंग्रजीत प्रेम म्हणजे ऊब. पाहुण्याचे स्वागत 'वॉर्म', प्रेमळ माणूस 'वॉर्म-हार्टेड', चांगली बातमी 'हार्टवॉर्मिंग'. उलट निष्ठुर माणूस 'कोल्ड', अनोळखी माणसांतला अवघडलेपणा म्हणजे बर्फ, आणि पहिले बोलणे काढून तो घालवायचा म्हणजे 'ब्रेक द आइस'. जिथे वर्षातले कित्येक महिने शेकोटीशिवाय भागत नव्हते, तिथल्या लोकांनी मायेला ऊब म्हटले याचे नवल नाही, असे मला वाटते. आता आपले पाहा. आपली भाषा उन्हातली. मूल घरी आले की आईचे डोळे निवतात. उर्दूत 'कलेजे में ठंडक पड गई' म्हणतात, लाडक्या अपत्याला 'आँखों की ठंडक' म्हणतात. अरबीतही डोळ्यांच्या थंडाव्याने हीच माया सांगतात. म्हणजे जो गारवा आपल्याकडे मायेचा, तोच तिकडे दुराव्याचा. एका मुलाने आपल्या बहिणीबद्दल लिहिले, 'शी इज द कोल्डनेस ऑफ माय ग्रँडमदर्स आइज.' इंग्रजाला वाटेल, आजीच्या डोळ्यांत नातीबद्दल काय ही कठोर नजर! इथे एक शब्द बदलून भागत नाही. इथे पूर्ण वाक्प्रचारच बदलावा लागतो. म्हणायचे, 'शी इज द ॲपल ऑफ हर ग्रँडमदर्स आय.'

राग मात्र दोन्हीकडे गरम आहे. आपले डोके तापते, त्यांचेही 'हॉट-हेडेड'. आपले रक्त उसळते, त्यांचेही उकळते. तिथे भाषांतर केले तरी निभते.

त्या ॲपलची हकीकत सांगण्यासारखी आहे. डोळ्यात सफरचंद कुठून आले, असे मुले विचारतात. फार जुन्या इंग्रजीत डोळ्यातल्या काळ्या बाहुलीलाच ॲपल म्हणत. ती एक भरीव गोल गोळी आहे असे त्या काळी समजत. पुढे बाहुलीला लॅटिनवरून प्युपिल हा शब्द रूढ झाला. आणि लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ काय? छोटी बाहुली! समोरच्या माणसाच्या डोळ्यात जवळून पाहिले, तर आपलीच चिमुकली आकृती दिसते, म्हणून बाहुली. मराठीत आपण तिला बाहुलीच म्हणतो. उर्दूत 'आँख की पुतली', म्हणजे पुन्हा बाहुलीच. फारसीत 'मर्दुमक' म्हणजे छोटा माणूस, अरबीत 'इन्सानुल ऐन' म्हणजे डोळ्यातला माणूस. एवढ्या वेगवेगळ्या लोकांनी जवळच्या माणसाच्या डोळ्यात पाहिले आणि सर्वांना तेच दिसले. इंग्रजीत विद्यार्थ्याला प्युपिल म्हणतात, तो शब्दही त्याच कुळातला आहे. पोरक्या, दुसऱ्याच्या सांभाळात असलेल्या मुलाला लॅटिनमध्ये तसे म्हणत. हे पहिल्यांदा वाचले, त्या दिवशी हजेरी घेताना माझे वर्गाकडे पाहणे थोडे बदलले.

लाडक्या माणसाला मराठीत 'गळ्यातला ताईत' म्हणतात. हा ताईत अरबी ताविजातून आलेला. 'दिलासा' फारसीतला. आणि दुसऱ्या बाजूने पाहा. आमची दादी, जिने उभ्या आयुष्यात गंगा पाहिली नाही, घरातले भांडण मिटवताना ठसक्यात म्हणायची, "जाऊ दे, झालं गेलं गंगेला मिळालं." इंग्रजीत याला 'वॉटर अंडर द ब्रिज' म्हणतात, पुलाखालून गेलेले पाणी. आमच्या दादीला कोणी हा इंग्रजी प्रयोग समजावून सांगितला असता, तर तिला तो एका मिनिटात कळला असता. तिच्या नातवाला तो कळायला परीक्षेपर्यंत वेळ लागतो, कारण त्याला कोणी दादीच्या वाक्याची आठवण करून देत नाही.

काही वाक्प्रचारांच्या पाठीमागे गोष्टी सांगतात, त्यांतल्या सगळ्याच खऱ्या नसतात. 'कोल्ड शोल्डर' देणे म्हणजे ओळख असून दुर्लक्ष करणे. नको असलेल्या पाहुण्याला मटणाचा गार झालेला खांद्याचा तुकडा वाढीत, त्यावरून हा प्रयोग निघाला, अशी गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. आपल्या मंडळींना ती फार पटते, कारण गार रस्सा वाढणे हा आपल्याकडेही अपमानच! पण हा प्रयोग छापून आला तो वॉल्टर स्कॉटच्या १८१६ सालच्या कादंबरीत, आणि तिथे जेवणाचा संबंध नाही. खांदा फिरवणे, म्हणजे आपले तोंड फिरवणे किंवा पाठ फिरवणे, एवढाच अर्थ आहे. गोष्ट चविष्ट आहे, पण मुलांना खरे तेच सांगावे.

'टू वेअर वन्स हार्ट ऑन वन्स स्लीव्ह' म्हणजे मनातले सगळे उघड दाखवणे, काळीज बाहीवर टाचून फिरणे. हा प्रयोग इसवी सन १६०४ च्या सुमाराच्या ऑथेल्लो नाटकाने प्रसिद्ध केला. याच नाटकावरून देवलांनी मराठीत 'झुंझारराव' रचले, हे जुन्या नाट्यप्रेमींना ठाऊक असेल. पण हे शब्द तिथे कोणाच्या तोंडी आहेत? कपटी इयागोच्या! मी काही असे करणार नाही, असे सांगताना तो हे बोलतो. मत्सराला हिरव्या डोळ्यांचा राक्षस म्हणणाराही तोच, आणि तो राक्षस ऑथेल्लोच्या मनात सोडणाराही तोच. भावनांचे गोड शब्द ज्याला जास्त येतात तो मनाने स्वच्छ असेलच असे नाही, हे शेक्सपिअरने त्या पात्राकरवी दाखवून ठेवले आहे. मोबाइलवर तयार वाक्ये आणि लाल बदाम पाठवणाऱ्या आमच्या अकरावी-बारावीच्या मंडळींनी हे नाटक अवश्य वाचावे. मत्सराला आपल्याकडे मात्र राक्षस लागत नाही. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की आपल्या पोटात दुखते, तेवढे पुरते!

नात्यांच्या शब्दांत इंग्रजी फार गरीब आहे. चाचा, मामू, खालू, फुप्पा या सगळ्यांना मिळून एक अंकल. त्यामुळे मुले निबंधात कोणत्या अंकलविषयी लिहितात ते त्यांनाच ठाऊक. पण नाती बिघडण्याचे आणि जुळण्याचे प्रयोग तिथे भरपूर आहेत. आपण म्हणतो 'खून सफेद हो गया', म्हणजे सख्ख्याला सख्ख्याची माया उरली नाही. ते म्हणतात 'ब्लड इज थिकर दॅन वॉटर', रक्त पाण्यापेक्षा दाट असते. एकाने रक्ताचा रंग पाहिला, दुसऱ्याने दाटपणा.

आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला होता. "सर, अब्बा आणि चाचा बोलत नाहीत, हे इंग्रजीत कसं लिहायचं?" मी त्याला 'दे हॅव फॉलन आउट' सांगितले आणि 'दे आर नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स' सांगितले. शेताच्या बांधावरून वाद होता, दोन चुली एका भिंतीच्या दोन बाजूंना, आणि बोलचाल बंद. मुलाने दोन्ही वाक्ये लिहून घेतली. ईदच्या सुट्टीनंतर तो पुन्हा आला. "सर, परत बोलायला लागले, तर काय म्हणायचं?" मी त्याला 'दे हॅव मेड अप' सांगितले, आणि जरा जास्तीचे म्हणून 'बरी द हॅचेट' सांगितले. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमाती तह करताना कुऱ्हाडी खरोखरच जमिनीत पुरीत, त्यावरून हा प्रयोग आला. मुलगा म्हणाला, "आमच्या दादाजींनी पण तेच सांगितलं, मिट्टी डालो." त्या मुलाच्या वहीत ही तीन वाक्ये आहेत आणि पुढे त्याने स्वतःहून दोन ओळी लिहिल्या आहेत. त्या मी इथे वाचून दाखवणार नाही. त्या त्याच्या घरच्या आहेत. त्यात एक चूक होती, ती मी पेन्सिलीने दुरुस्त केली.

आता आपणाकडे मागणे मागतो. प्रत्येक पालकाने आठवड्यातून एक संध्याकाळ दहा मिनिटे काढावीत. मोबाइल बाजूला ठेवून मुलाला घरातला एक शब्दप्रयोग सांगावा. 'दिल छोटा मत कर' असेल, 'हातपाय गळाले' असेल, 'जीव टांगणीला लागला' असेल, जो आपल्या तोंडी सहज येतो तो. तो कधी वापरतात, आणि आपण स्वतः तो कोणत्या प्रसंगी वापरला, तेही सांगावे. प्रसंग सांगितल्याशिवाय नुसता शब्द देऊ नये. मुलाने तो वहीच्या डाव्या पानावर आपल्याच भाषेत लिहावा. उजवे पान कोरे ठेवावे. ते पान माझ्याकडे यावे. इंग्रजीत त्याला काय म्हणतात ते आम्ही वर्गात शोधू. कधी एका शब्दाने काम होईल, कधी सगळाच प्रयोग बदलावा लागेल, आणि कधी इंग्रजीत त्याला जोड सापडणारच नाही. तसे झाले तर पान कोरे राहील, त्यात लाज नाही. शाळेच्या ग्रंथालयात दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हे दोन ग्रंथ असावेत, अशी विनंती मी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना या निमित्ताने करतो. उर्दूचा एखादा चांगला मुहावऱ्यांचा कोशही हवा.

जे वडील कामासाठी आखातात किंवा मुंबई-पुण्यात आहेत, त्यांनी फोनवरून सांगितले तरी चालेल. आणि ज्या घरी आजी आहे, त्या घरच्या मुलाची वही सर्वांत आधी भरेल, याबद्दल मला शंका नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगतो की निबंधात स्वतःचे लिहा. इंग्रजी चुकेल. चुकलेल्या वाक्याखाली मी आता पेन्सिलीची रेघ ओढतो आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढतो. ते दिसले की माझ्याकडे या आणि घरी त्याला काय म्हणतात ते मला सांगा. गाइडातला निबंध आणलात, तर मात्र गुण कापीन, मग त्यात एकही चूक नसली तरी.

नववीच्या आणि दहावीच्या वर्गासाठी वह्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकाने एक घेऊन जावी. लहान भावंडांसाठी हवी असल्यास शिपाईमामांकडे नाव द्यावे.